हस्तनिर्मित वस्तरा : पात्याची घासणी आणि धारेची तीक्ष्णता

प्रास्ताविक

कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. ती इतकी रूढ झाली की धार म्हटल्यावर प्रथम मनात येतो तो सूक्ष्मपणा आणि अवघडपणा. त्या धारेमागे असलेल्या पात्याचा विचार सहसा होत नाही. तो विचार करणारा प्राचीन ग्रंथ शल्यचिकित्सेचा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी याची परिमाणे दिली आहेत. भेदनाच्या शस्त्राची धार मसुरीच्या दाण्याएवढी, लेखनाच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, व्यधनाच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी असावी, असे सुश्रुत सांगतात. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि लावलेली धार टिकवण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे काटेसावरीची फळी वापरण्याचा निर्देशही तेथे आहे. शस्त्र केव्हा वापरण्यायोग्य समजावे हे सांगताना त्यांनी केस तोडण्याइतकी तीक्ष्णता आणि योग्य घडण या दोन अटी वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत.

हा वेगळेपणा आजच्या चर्चेत पुष्कळदा हरवतो. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत हाताने घडवलेल्या वस्तऱ्यांना नव्याने मागणी आली आणि एकेकटे काम करणारे कारागीर पुन्हा वस्तरे घडवू लागले. अशा दोन वस्तऱ्यांची तुलना करताना 'याची घासणी पोकळ आहे, म्हणून हा अधिक तीक्ष्ण' किंवा 'हा पाचरीसारखा जाड आहे, म्हणून बोथट' असे विधान सर्रास केले जाते. घासणी आणि तीक्ष्णता यांचा संबंध असा सरळ नाही. तो प्रत्यक्षात कसा आहे, हाताने केलेल्या कामात फरक नेमका कोठे शिरतो आणि पोकळ घासणीची किंमत इतिहासात कोणी मोजली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाठ आणि धारकोन

वस्तऱ्याच्या पात्याचा आडवा छेद घेतला तर वरच्या बाजूस जाड पाठ, खालच्या बाजूस धार आणि मधे दोन बाजू दिसतात. चाकू दगडावर घासताना तो किती कलता धरायचा हे हाताने ठरवावे लागते. वस्तऱ्याचे तसे नाही. वस्तरा दगडावर आडवा टेकवला की पाठ आणि धार ही दोन्ही टोके दगडाला लागतात आणि त्याच स्थितीत तो पुढे-मागे सरकवला जातो. धारेचा कोन अशा रीतीने पात्याच्या मापांतच ठरून गेलेला असतो. पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी, एवढ्या दोन आकड्यांवरून तो काढता येतो.

उदाहरणार्थ, पाठ ५ मि.मी. आणि रुंदी १८ मि.मी. असेल, तर धारेशी दोन्ही बाजूंमधला एकूण कोन १६ अंश येतो. पाठ ६ मि.मी. केली तर तो १९ अंशांवर जातो, ४.५ मि.मी. केली तर १४ अंशांच्या जरा वर राहतो. चांगले जुने वस्तरे मोजले असता बहुतेकांचा कोन साधारण याच पट्ट्यात आढळतो. रुंदी पाठीच्या सुमारे साडेतीनपट असावी, हा कारागिरांचा ठोकताळा याच हिशेबाचा अनुभवसिद्ध अवतार होय.

या हिशेबात बाजू सपाट आहेत की आत खोलगट, याचा कोठेही उल्लेख नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. पाचरीसारखा भरीव वस्तरा आणि कागदासारखा पातळ पोकळ वस्तरा, दोहोंची पाठ व रुंदी सारखी असेल तर दोहोंचा धारकोन एकच असतो. घासणीने तीक्ष्णता ठरते हा समज येथेच डळमळीत होतो.

हाताने घडवलेल्या वस्तऱ्यातला सर्वांत मोठा, आणि दुरुस्तीला सर्वांत कठीण, दोषही याच गुणोत्तरात असतो. दणकट दिसावा म्हणून एखादा कारागीर ७ मि.मी. जाडीच्या पाठीला १६ मि.मी.चे पाते ठेवतो. त्याचा कोन २५ अंशांच्या पुढे जातो. असे पाते कितीही निगुतीने पाजवले तरी केस कापताना तो रेटला जातो आणि दाढी करणाऱ्याला ओढ जाणवते. उलट ४ मि.मी. पाठीला २२ मि.मी. रुंदी दिली तर कोन साडेदहा अंशांच्या आसपास येतो. पहिल्या दिवशी ते पाते अप्रतिम वाटते. पण इतक्या निमुळत्या धारेला आधार नसतो आणि ती लवकरच कणाकणाने तुटू लागते. दोन्ही वस्तरे एकाच पोलादाचे, एकाच भट्टीत पाणी दिलेले आणि दिसायला सारखेच देखणे असू शकतात.

काही जण धार लावताना पाठीवर चिकटपट्टी लावतात. विजेच्या कामाच्या पट्टीची जाडी सुमारे ०.१५ मि.मी. असते. ती दोन्ही बाजूंनी धरली तर १८ मि.मी. रुंदीच्या वस्तऱ्याचा कोन साधारण एका अंशाने वाढतो. कोन फारच निमुळता झालेल्या पात्याला हा उपाय उपयोगी पडतो; जाड कोनाच्या पात्याला मात्र तो अपाय ठरतो.

घासणीचे प्रकार आणि चाकाचे गणित

घासणी म्हणजे पाठ व धार यांच्यामधल्या भागातून धातू काढून टाकण्याची रीत. बाजू सपाट ठेवल्या तर तिला पाचर घासणी म्हणता येईल. फिरत्या चाकाच्या परिघावर पाते टेकवले की त्यात चाकाच्या वक्रतेचा खळगा पडतो. चाक जितके लहान तितका खळगा खोल. जर्मनीतील झोलिंगेन या गावी या खोलीप्रमाणे पाव पोकळ, अर्ध पोकळ, पूर्ण पोकळ अशी श्रेणी रूढ झाली.

वर घेतलेले ५ आणि १८ मि.मी.चे पातेच पुढे नेले तर चाकाचा परिणाम आकड्यांत दिसतो. धारेपासून ३ मि.मी. वरच्या जागी पाचर घासणीत पात्याची जाडी सुमारे ०.८३ मि.मी. असते. ३०० मि.मी. व्यासाच्या चाकाने दोन्ही बाजूंना पाठीपासून धारेपर्यंत खळगा घेतला तर त्याच जागी ०.५३ मि.मी. उरते. १५० मि.मी. व्यासाच्या चाकाने ०.२३ मि.मी. उरते. १३० मि.मी.च्या चाकापाशी मर्यादा येते. तेथे दोन्ही बाजूंचे खळगे धारेपाशी एकमेकांना जवळजवळ समांतर होतात. त्याहून लहान चाक पाठीपासून थेट धारेपर्यंत नेले तर दोन्ही खळगे धारेच्या आधीच एकमेकांना भेटतील आणि पाते अरुंद होईल.

मग याहून पोकळ वस्तरे कसे होतात, असा प्रश्न साहजिक आहे. ते एका खळग्याने होत नाहीत. लहान चाकाने पाठीलगतचा भाग आत घेतला जातो आणि धारेलगतचा भाग मोठ्या चाकाने निराळा घासला जातो. दोहोंच्या सांध्यावर पात्याला हलकासा फुगवटा राहतो. उजेडासमोर धरून पाते तिरपे केले की ही रेघ दिसते. ती नजरचूक नव्हे. धारेजवळ अतिशय पातळ झालेल्या पात्याला तोच फुगवटा ताठपणा देतो. झोलिंगेनच्या घासणाऱ्यांचे कसब मुख्यतः या सांध्यावर पारखले जाते. टोकापासून टाचेपर्यंत तो एकसारखा राखणे केवळ हाताच्या आणि कानाच्या अंदाजावर अवलंबून असते. कानाच्या असे म्हणण्याचे कारण, पाते पातळ होत जाते तसा चाकावरचा त्याचा आवाज बदलतो. पूर्ण पोकळ पाते नखाने छेडले तर किणकिणते. अशा वस्तऱ्याला 'गाणारा' म्हणण्याची प्रथा याच आवाजामुळे पडली.

ताठपणात पडणारा फरक मोठा असतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी झाली की ताठपणा एक अष्टमांश होतो. वरच्या उदाहरणात ०.८३ आणि ०.२३ मि.मी. या जाड्यांच्या ताठपणात पंचेचाळीस पटींहून अधिक अंतर आहे. म्हणून पोकळ वस्तरा गालावर फिरताना प्रत्येक केसाची वार्ता हाताला आणि कानाला देतो, तर पाचर वस्तरा मुकाट्याने कापत जातो. पहिल्याची ही वार्ता अनेकांना तीक्ष्णतेची खूण वाटते. वास्तविक ती लवचिकतेची खूण असते. दाट, राठ दाढीवर अतिपातळ पाते थरथरते आणि तेथे अर्ध पोकळ किंवा पाचर पाते अधिक शांतपणे काम करते, हा अनुभवही याच घनाच्या नियमाने उलगडतो.

पोकळ घासणीचा खरा लाभ दगडावर दिसतो. पाचर वस्तऱ्याची सबंध बाजू दगडाला लागते. धारेचा एक पापुद्रा काढायचा तर सगळी बाजू झिजवावी लागते. पोकळ वस्तऱ्यात धारेलगतचा अरुंद उतार आणि पाठीची कड एवढेच दगडाला लागतात. धारेमागे ०.१५ मि.मी. जाडीपर्यंत उतार पोचला तरी त्याची रुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. साहजिकच धार लवकर लागते. रोज अनेकांची दाढी करणाऱ्या नाभिकाला याचे मोल किती असेल हे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात पोकळ वस्तरे बाजारात वाढत गेले त्यामागे हे साधे कारण होते.

हाताने घडवताना फरक कोठे शिरतो

वस्तऱ्याच्या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडे अधिक असते. ते तांबडे तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की कठीण पण ठिसूळ होते. मग दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केला जातो. यालाच आपल्याकडे पात्याला पाणी देणे म्हणतात. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी अठराव्या शतकाच्या चाळिशीत मुशीत वितळवलेले एकजीव पोलाद तयार केले, तेव्हापासून वस्तऱ्यासाठी लागणारा एकसारखा कच्चा माल युरोपात भरवशाने मिळू लागला.

या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. त्यावरचा जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधील शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांनी त्या पोलादाचा लेखणी तासण्याचा चाकू घडवून पाहिला आणि पुढे या पोलादाचे ते पुरस्कर्ते बनले. मायकेल फॅरेडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण केले आणि स्टोडार्ट यांच्यासह १८२० व १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विद्युतशास्त्रातल्या कीर्तीमुळे फॅरेडे यांचे हे काम झाकोळले गेले. त्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे त्यांनी मित्रांना भेट दिले होते.

पाणी देण्याआधी पाते किती घासायचे, हा हस्तनिर्मितीतला कळीचा निर्णय आहे. आधीच बरेच पातळ केले तर बुडवताना पाते पिळते किंवा धारेशी तडकते. जाड ठेवले तर उरलेली घासणी कठीण झालेल्या पोलादावर करावी लागते आणि तेथे उष्णतेचा धोका येतो. पातळ धारेत उष्णता साठायला जागा नसते. चाकावर ती क्षणभर जास्त रेंगाळली तरी तापमान झपाट्याने चढते. पोलादावर निळी झाक दिसली म्हणजे ते तीनशे अंशांच्या घरात जाऊन आले आणि तेवढ्या भागाचा कठीणपणा उतरला असे समजावे. ही झाक पुढच्या झिलईत पुसली जाते, दोष मात्र राहतो. ग्राहकाला तो दिसत नाही. दोन-तीन दाढ्यांनंतर एका विशिष्ट जागी धार टिकत नाही एवढेच त्याच्या प्रत्ययास येते. एकाच कारागिराच्या दोन वस्तऱ्यांत जी तफावत आढळते तिचे मूळ पुष्कळदा अशा एखाद्या क्षणात असते.

दुसरा दोष सरळपणाचा. पाठ टोकाकडे आणि टाचेकडे सारख्या जाडीची नसेल तर कोन पात्याच्या लांबीवर बदलत जातो. पाते किंचित पिळलेले असेल तर दगडावर त्याची एक बाजू मधोमध आणि दुसरी दोन टोकांना टेकते. यंत्रावर शेकड्यांनी निघणाऱ्या पात्यांत असे दोष नसतातच असे नाही, परंतु हाताच्या कामात प्रत्येक पात्याचा दोष निराळा असतो.

थरांची नक्षी असलेल्या पोलादाविषयी येथे एक मत नोंदवणे योग्य होईल. अशी पाती महाग विकली जातात आणि त्यांच्या सौंदर्याबद्दल वाद नाही. पण नक्षी दिसते ती दोन भिन्न पोलादांच्या सीमांमुळे, आणि धारेला हवा असतो एकजीवपणा. दोन्ही पोलादे कर्बयुक्त व सारखी कठीण होणारी असतील तर बिघडत नाही. नक्षी उठावदार व्हावी म्हणून एक मऊ घेतले असेल तर धारेच्या वाट्याला विनाकारण दुर्बलता येते.

तीक्ष्णता : शेवटचा एक सहस्रांश मिलिमीटर

तीक्ष्णता म्हणजे दोन बाजू जेथे मिळतात तेथील कडेची रुंदी. आदर्श रेषेला रुंदी नसते, पोलादाला असते. कारखान्यात तयार होणाऱ्या चांगल्या ब्लेडच्या टोकाची त्रिज्या मायक्रॉनच्या काही शतांशांइतकी असते, आणि दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो. सुश्रुतांचा 'अर्धा केस' आजच्या परिमाणाने फार जाड ठरतो. तथापि केसाला मापदंड मानण्याची कल्पना आजही टिकून आहे, कारण वस्तऱ्याला शेवटी सामना केसाशीच करायचा असतो.

ही कड दगडांच्या क्रमाने तयार होते. हजार क्रमांकाच्या जाडसर दगडावर उताराच्या दोन्ही बाजू मिळवल्या जातात. पुढे चार-पाच हजार, आठ हजार, बारा हजार असे बारीक कणांचे दगड येतात आणि प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे पुसतो. नैसर्गिक दगडांमध्ये बेल्जियमच्या आर्डेन भागातला पिवळा 'कॉटिक्युल' विशेष प्रसिद्ध आहे. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. पहिल्या दगडावर दोन बाजू पूर्णपणे मिळाल्या नसतील तर पुढचे सर्व दगड व्यर्थ जातात. नवशिक्यांची बहुतेक निराशा येथे उगम पावते आणि दोष मात्र घासणीला दिला जातो.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन यांनी २००४ मध्ये धार लावण्याच्या निरनिराळ्या रीतींचे परिणाम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दगडावर तयार होणारा धातूचा पापुद्रा नुसत्या कोऱ्या चामड्याने फारसा निघत नाही, क्रोमियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या चामड्याने मात्र कड लक्षणीय सुधारते, असे त्यांना आढळले. वस्तरेवाल्यांच्या परंपरेत कोऱ्या चामड्याला मोठे स्थान आहे. त्याचे काम नवी धार घडवण्याचे नसून वापराने किंचित मुडपलेली कड पुन्हा सरळ करण्याचे आहे, असे मानले तर दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो. शाल्मलीच्या फळीचे कामही धार टिकवण्याचेच होते.

केसापेक्षा पोलाद सुमारे पन्नासपट कठीण असताना केसाने धार बोथट का होते? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील चेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचे उत्तर दिले. धार हळूहळू झिजून गोल होते ही समजूत अपुरी असल्याचे त्यांनी दाखवले. पोलादाची सूक्ष्मरचना एकसारखी नसेल, कडेवर आधीच एखादी बारीक खाच असेल आणि केस वाकून पात्याला तिरपा भिडला, तर त्या जागी कडेचा कण तुटून पडतो. हा अभ्यास कारखान्यातल्या ब्लेडवर केलेला असला तरी हस्तनिर्मित वस्तऱ्यालाही त्यातून अर्थ मिळतो. भट्टीतले तापमान जरा जास्त झाले की पोलादाचे कण मोठे होतात, आणि जाडसर दगडाचा एखादा ओरखडा कडेपर्यंत पोचून राहिला की तीच खाच ठरते. केस वाकू नये यासाठीचा उपाय मात्र कारागिराच्या हाती नाही. गरम पाण्याने दाढी भिजवून मऊ करणे आणि त्वचा ताणून धरणे, हे वापरणाऱ्याने करायचे.

पोकळ घासणीची किंमत

भरीव पाते पोकळ करायचे म्हणजे धातू काढायचा, आणि काढलेला धातू धूळ होऊन हवेत जातो. शेफिल्डचे घासणारे वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकांवर ओणवे होऊन काम करत. त्या दगडातला सिलिका आणि पोलादाचा कीस दिवसभर श्वासावाटे आत जाई. या विकाराला तेथे घासणाऱ्यांचा दमा म्हणत. आज तो सिलिकोसिस म्हणून ओळखला जातो.

फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथात शेफिल्डचे डॉक्टर नाइट यांची निरीक्षणे दिली आहेत. कोरड्या चाकावर काटे घासणारे तिशीच्या आसपास मरत. जेवणाच्या सुऱ्या ओल्या चाकावर घासणारे चाळीस ते पन्नास वर्षे जगत. वस्तरे घासणाऱ्यांना ओले आणि कोरडे दोन्ही काम करावे लागे. त्यांचे मरण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान येई. धूळ बाहेर ओढून घेणारी साधने सुचवली गेली तेव्हा काही घासणाऱ्यांनी स्वतःच त्यांना विरोध केला, अशीही नोंद तेथे आहे. काम सुरक्षित झाले तर माणसे अधिक येतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती होती. ज्या अर्थव्यवस्थेत लवकर मरणे हेच चांगल्या मजुरीचे कारण बनते, तिच्याविषयी यापेक्षा बोलका पुरावा शोधावा लागणार नाही.

एडवर्ड अॅचेसन यांना १८९३ मध्ये कार्बोरंडमचे एकस्व मिळाले आणि पुढे कृत्रिम अपघर्षकांनी वाळूच्या दगडाची जागा घेतली. सिलिकाचा धोका त्यामुळे कमी झाला. दरम्यान किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये बदलत्या ब्लेडचा सुरक्षित रेझर विक्रीस आणला आणि वस्तऱ्याच्या धंद्याला उतरती कळा लागली. आज घराच्या मागच्या खोलीत पट्ट्याच्या यंत्रावर वस्तरा घासणाऱ्या एकट्या कारागिरालाही धातूच्या आणि अपघर्षकाच्या धुळीपासून मुखपट्टी व पाण्याचा वापर करूनच वाचता येते.

आपल्याकडे न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा, दगड आणि चामड्याचा पट्टा ही त्रयी असे, आणि धारेचे काम करणारे शिकलगार गावोगाव फिरत. एचआयव्ही आणि कावीळ-ब यांचा प्रसार रक्तावाटे होतो हे ध्यानात आल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते वापरण्याचा आग्रह धरला गेला, आणि अर्धे ब्लेड अडकवण्याचा वस्तरा केशकर्तनालयांत रुळला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा बदल निःसंशय इष्ट होता. त्याबरोबर पाजवण्याची विद्या मात्र गेली, कारण ब्लेडला पाजवावे लागत नाही. हस्तनिर्मित वस्तरा आता एकाच माणसाने, स्वतःपुरता वापरण्याची वस्तू उरली आहे.

वस्तऱ्याची परीक्षा

हस्तनिर्मित वस्तरा तपासताना केस टांगून तो तुटतो का हे पाहण्याची रीत लोकप्रिय आहे. केसाची जाडी, कोरडेपणा आणि तो मुळाकडून धरला की टोकाकडून, यांवर निकाल बदलतो. शिवाय त्या चाचणीने कळते ती आजची धार. ती तर पुढच्या आठवड्यात दगडावर पुन्हा लावता येते. जे पुन्हा लावता येत नाही ते आधी तपासणे शहाणपणाचे.

त्यासाठी कॅलिपर आणि शाईचे एक पेन पुरते. पाठीची जाडी टोकाशी, मध्यावर आणि टाचेशी मोजावी. त्या त्या ठिकाणची रुंदी मोजून कोन काढावा. तिन्ही ठिकाणी तो एक-दोन अंशांपलीकडे बदलत असेल तर कारण शोधावे. नंतर धारेच्या उतारावर आणि पाठीच्या कडेवर दोन्ही बाजूंना शाईची रेघ ओढावी आणि सपाट केलेल्या बारीक दगडावर, पाण्याखाली, वजन न देता एकच हात फिरवावा. धारेवरची शाई टोकापासून टाचेपर्यंत गेली आणि पाठीवरचीही एकसंध गेली, तर पाते सरळ आहे. मधेच शाई राहिली तर तेथे खोलगटपणा आहे. एका बाजूला मधली शाई आणि दुसऱ्या बाजूला टोकांची शाई शिल्लक असेल, तर पाते पाणी देताना पिळले आहे आणि ते घडवणाऱ्याकडे परत पाठवलेले बरे.